पाटीवर ‘अँटिक’ लिहिण्याआधी: जुनी घड्याळं आणि लाकडी फर्निचरचा धंदा



जुन्या फर्निचरच्या धंद्यावरचा व्हिडिओ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी बघितला असेल. त्यात वस्तू कशी तपासायची ते दाखवलं, पण हिशोब आणि कायद्याची बाजू घाईत आटपावी लागली. कॅमेऱ्यासमोर आकडे बोलले की समोरचा माणूस पुढे सरकवतो, हे मला आता कळलंय. म्हणून तो भाग इथे निवांत लिहितोय. वही-पेन घेऊन वाचा.

हा धंदा आत्ताच का सुचतोय लोकांना? आजूबाजूला बघा. चिंचवडगाव, आकुर्डी, भोसरी, तळेगाव दाभाडे, चाकण, सगळीकडे गावठाणातली जुनी घरं आणि वाडे पाडून इमारती उभ्या राहतायत. तीन पिढ्यांचं कपाट, शिसवी पलंग, लंबकाचं घड्याळ आता टू बीएचकेमध्ये मावत नाही. दुसरीकडे वाकड, पिंपळे सौदागर, हिंजवडीच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाला हॉलमध्ये एक तरी ‘जुनी’ वस्तू हवी असते. हॉटेलवाल्यांना तर हवीच. देणारा आणि घेणारा यांच्यात जेमतेम दहा किलोमीटरचं अंतर. मधे उभं राहायला माणूस पाहिजे, तो आपण. इथपर्यंत गणित सोपं आहे.

अवघड भाग पुढे. जुनं सागवान टिंबर मार्केटमध्ये घनफुटाच्या भावाने जातं. तेच सागवान ‘वाड्यातलं, ब्रिटिश काळातलं कपाट’ म्हणून दुकानात उभं केलं की त्याला कितीतरी जास्त किंमत येते. मधला जो फरक आहे तो गिऱ्हाईक कशाचा देतं? तुमच्या त्या वाक्याचा. म्हणजे या धंद्यात तुमचं वाक्य हाच निम्मा माल. ते वाक्य खरं आहे का, सिद्ध करता येतं का, आणि ते बोलायला कायद्याने तुम्हाला परवानगी आहे का, हे तीन प्रश्न दुकानाच्या भाड्याआधी सोडवायचे.

‘अँटिक’ हा शब्द फुकट नाही

आपल्याकडे कुठल्याही काळपट लाकडाला अँटिक म्हणायची सवय आहे. इन्स्टाग्रामवर ‘२०० वर्षं जुना दरवाजा, रेअर अँटिक’ अशी पोस्ट टाकून मुलं मोकळी होतात. आता १९७२ चा पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायदा काय म्हणतो ते बघा. हा कायदा ५ एप्रिल १९७६ पासून लागू आहे. कारागिरीची, ऐतिहासिक महत्त्वाची किंवा इमारतीपासून सुटी केलेली वस्तू, आणि ती किमान १०० वर्षं जुनी असेल, तर ती पुरावशेष ठरू शकते. ‘इमारतीपासून सुटी केलेली’ हे शब्द परत वाचा. वाड्याचे कोरीव खांब, महिरप, चौकट, दिंडी दरवाजा, सगळं यात येऊ शकतं.

अशा वस्तू विकण्याचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही. परवाना भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या परवाना अधिकाऱ्याकडून मिळतो. तो देताना तुमचा या व्यापारातला अनुभव बघितला जातो, आणि मिळाल्यावर फोटोसकट नोंदी ठेवाव्या लागतात. विनापरवाना धंदा केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, शिवाय माल जप्त होऊ शकतो.

म्हणजे ‘२०० वर्षं जुना, विकणे आहे’ अशी पोस्ट टाकणारा मुलगा काय करतो? त्याचं म्हणणं खरं असेल तर तो स्वतःविरुद्ध पुरावा टाकतोय. खोटं असेल तर गिऱ्हाइकाची फसवणूक, आणि तिथे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा उभा आहे, त्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींची वेगळी तरतूद आहे. दोन्हीकडून सापडतो.

आणखी एक गंमत. ही १०० वर्षांची रेषा दरवर्षी पुढे सरकते. १९३० साली घडवलेलं कपाट आज व्याख्येबाहेर असलं तरी २०३० साली ते शंभरीत पोचणार. गोडाऊनमध्ये पडून पडून तुमचा माल कायद्याच्या हद्दीत शिरू शकतो.

माझा सल्ला सरळ आहे. सुरुवातीची दोन-तीन वर्षं १०० वर्षांच्या आतल्याच वस्तूंमध्ये धंदा करा. १९३० ते १९७० या काळातलं सागवानी फर्निचर आपल्या भागात भरपूर निघतं, वापरायला दणकट असतं, आणि त्याला ‘जुनं’ किंवा ‘विंटेज’ म्हणायला कोणाची हरकत नाही. हात बसला, ओळखी झाल्या, की मग परवान्याचा विचार करा. त्याआधी एखादी वस्तू शंभरीपार वाटली तर ती घेऊच नका, कितीही स्वस्त मिळत असली तरी.

दोन गोष्टी जाता जाता. जुन्या पेटीवर किंवा खुर्चीवर पांढरी जडणघडण दिसली तर ती हस्तिदंताची नाही ना, हे आधी बघा. हस्तिदंताचा व्यापार वन्यजीव कायद्याने पूर्ण बंद आहे, वस्तू कितीही जुनी असो. आणि शिसवी लाकूड २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रित यादीत आहे, त्यामुळे परदेशी पाठवताना वेगळे कागद लागतात.

उभं घड्याळ: दिसायला राजा, घेताना डोकेदुखी

सगळ्यात जास्त भुरळ कशाची पडते तर ग्रँडफादर क्लॉकची. सहा-सात फूट उंच, पोटात लंबक, वर तबकडी. खरं तर हे नाव बरंच अलीकडचं आहे. १८७६ साली हेन्री क्ले वर्क नावाच्या अमेरिकन गीतकाराचं ‘माय ग्रँडफादर्स क्लॉक’ हे गाणं गाजलं आणि त्यावरून हे नाव रुळलं. त्याआधी दोनशे वर्षं ही घड्याळं बनतच होती. १६५६ साली डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्सने लंबकाचं घड्याळ शोधलं. पुढे इंग्लंडात जवळजवळ एक मीटर लांबीचा लंबक वापरात आला. तो बरोबर एका सेकंदाला एक झोका घेतो. एवढा लांब लंबक आणि खाली उतरत जाणारी वजनं ठेवायला उंच पेटी हवी, म्हणून हा आकार. शोभा नंतर आली.

आपल्या मराठी वाड्यांत हे उभं घड्याळ क्वचितच होतं. ते इंग्रजांच्या बंगल्यात, क्लबात, संस्थानिकांकडे, श्रीमंत पारशी घरात. आपल्याकडे सोप्यावर टांगलेलं असायचं ते भिंतीवरचं चावीचं घड्याळ, अमेरिकेचं अँसोनिया किंवा सेथ थॉमस, नाहीतर जर्मनीचं युंगहान्स. त्यामुळे कोणी सांगितलं की ‘आमच्या पणजोबांचं हे उभं घड्याळ मावळातल्या वाड्यात होतं’, तर मान डोलवा, चहा प्या, आणि मग घड्याळ उघडा.

उघडायचं कसं? वरचा टोप, म्हणजे तबकडीभोवतीचं लाकडी घर, बहुतेक उभ्या घड्याळांत पुढे सरकवून काढता येतो. तो निघाला की आतलं पितळी यंत्र एका आडव्या फळीवर बसवलेलं दिसतं. माझं पहिलं लक्ष त्या फळीवर असतं. तिच्याखाली नवे लाकडी तुकडे घालून उंची वाढवलीय का? जुनी, आता उपयोगात नसलेली स्क्रूची भोकं आहेत का? तबकडी टोपाच्या चौकटीत नीट बसते की कडेला फट राहते? यातलं काही दिसलं तर यंत्र एका घड्याळाचं आणि पेटी दुसऱ्याची. इंग्लंडातले व्यापारी याला ‘लग्न लावलेलं’ घड्याळ म्हणतात. असं घड्याळ चालतं, दिसतं छान, पण किंमत अख्ख्या मूळ घड्याळाच्या जवळपास येत नाही. घ्यायला हरकत नाही. फक्त ते लग्न विकताना गिऱ्हाइकाला सांगायचं.

मग पेटीच्या आत टॉर्च मारा. वर्षानुवर्षं वजनं लटकली असतील तर कधीतरी दोरी तुटून वजन खाली पडलेलंच असतं, तळाच्या फळीवर त्याचा घाव असतो. मागच्या फळीवर लंबक घासल्याची खूण असते. आतून सगळं गुळगुळीत, एकसारखं काळं रंगवलेलं असेल तर सावध. समोरचा दरवाजा अख्खा काचेचा, आत तीन चकचकीत पितळी नळ्या आणि साखळ्या, असं असेल तर ते बहुतेक विसाव्या शतकातलं घड्याळ आहे, कारण आधीच्या पेट्यांना साधारण भरीव लाकडी दार असायचं. ते वाईट नाही, उलट वर सांगितलेल्या कायद्याच्या दृष्टीने सोयीचं. पण त्याला ‘अठराव्या शतकातलं’ म्हणून विकणारे मी बघितलेत. आणि हो, यंत्रामागे पेन्सिल सेल आहे का तेही बघा. हसू नका.

तबकडीवरचं नाव म्हणजे बनवणारा, असं धरून चालू नका. कितीतरी घड्याळांवर विकणाऱ्या दुकानाचं नाव असतं. भिंतीवरच्या घड्याळांत तर नवी छापील तबकडी चिकटवून ‘अँसोनिया’ करणं हा जुना उद्योग आहे. इतिहास माहीत असेल तर इथे उपयोगी पडतो. मूळ अँसोनिया कंपनीची यंत्रसामग्री १९२९ साली सोव्हिएत रशियाला विकली गेली. म्हणजे खरं अँसोनिया आज शंभरीच्या उंबरठ्यावर किंवा पलीकडे आहे. ‘खरं’ म्हटलं की परवान्याचा प्रश्न आलाच. हा धंदा असा आहे, वस्तू जितकी खरी तितके कागद जास्त.

चालू करून बघताना एक मजेदार गोष्ट लक्षात ठेवा. लंडनमध्ये बरोबर लावलेलं लंबकाचं घड्याळ पुण्यात आणलं तर रोज साधारण दोन मिनिटं मागे पडतं. यंत्र बिघडलेलं नसतं. विषुववृत्ताकडे येताना गुरुत्वाकर्षण किंचित कमी होतं, त्यात पुणे उंचावर, म्हणून झोका थोडा सावकाश होतो. लंबकाच्या गोळ्याखालचा नट फिरवून गोळा जेमतेम तीन मिलिमीटर वर घेतला की काम झालं. ज्याला हे माहीत नाही तो यंत्र खोलायला देतो आणि दोन-तीन हजार घालवतो. घड्याळ मागे पडतंय एवढ्या कारणावरून घासाघीस करून स्वस्तात मिळत असेल तर घ्या, मात्र टकटक समान ठोक्यात येते का ते आधी ऐका. ‘टक… टकटक… टक’ अशी लंगडी चाल असेल तर बहुधा पेटी ओळंब्यात नाही. ती सरळ केली की चाल सुधारायला हवी. नाही सुधारली तर घड्याळजी लागणार.

वाहतुकीचा नियम एकच आणि तो मोडायचा नाही. आधी लंबक काढा, मग वजनं काढा, दोन्ही वेगळी गुंडाळा, मगच पेटी हलवा. लंबक तसाच ठेवून टेम्पोत चढवलं की तो ज्या पातळ पट्टीवर लटकतो ती तुटते. आणि घरी आणल्यावर तबकडी भांडी घासायच्या पावडरने चकाकवू नका. आकड्यांच्या कड्यावर चांदीचा पातळ मुलामा असतो, तो एका दुपारीत निघून जातो.

आता माझं मत. पहिल्या वर्षात उभं घड्याळ घेऊ नका. एक चांगला घड्याळजी ओळखीचा झाल्याशिवाय तर नाहीच. पैसे अडकतात, जागा जाते, आणि गिऱ्हाईक फोटो काढून निघून जातं. इंग्लंडात तर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत अशा घड्याळांचे आणि जड तपकिरी फर्निचरचे भाव बरेच खाली आलेत, कारण तिथल्याही तरुण लोकांची घरं लहान झाली. परदेशी साइटवरचा जुना आकडा दाखवून कोणी भाव सांगत असेल तर तो ऐकून घ्या, मानू नका.

लाकूड काय सांगतं

फर्निचर मात्र शिकता येतं, आणि लवकर शिकता येतं. डोळा तयार करायला पैसे लागत नाहीत. पुण्यात बाजीराव रोडजवळचं राजा दिनकर केळकर संग्रहालय दोनदा बघा, एकदा घरच्यांबरोबर आणि एकदा एकटे. दारं, चौकटी, पेट्या, रोजच्या वापरातल्या वस्तू. विश्रामबागवाड्याचं दर्शनी लाकूडकाम बघा. मग बुधवारी किंवा रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात जा आणि काहीही विकत न घेता परत या. हे शेवटचं सगळ्यात अवघड.

कपाट असो की टेबल, समोरून बघून काही कळत नाही. खण ओढा, उलटा करा, मागची फळी बघा. खणाचे कोपरे डव्हटेलने जोडलेत का? हाताने कापलेले दात थोडे कमी-जास्त असतात, यंत्राचे अगदी एकसारखे. स्क्रू बघा. अधिक खुणेचा स्क्रू, ज्याला आपण स्टार स्क्रू म्हणतो, तो १९३० च्या दशकात बाजारात आला. एखादा असला तर नंतरची दुरुस्ती असू शकते. सगळेच तसे असतील तर ‘ब्रिटिश काळातलं’ म्हणण्याआधी थांबा.

इंग्रजी पुस्तकांत एक नियम असतो की फळीवर करवतीच्या सरळ, वेड्यावाकड्या रेघा दिसल्या की वस्तू खूप जुनी. तो नियम आपल्याकडे जसाच्या तसा लावू नका. आपल्याकडे माणसांनी हाताने ओंडके कापणं विसाव्या शतकात बराच काळ चालू होतं. रेघा गोल, कमानीसारख्या असतील तर यंत्राची करवत हे नक्की. सरळ असतील तर नुसतं ‘हाताने कापलंय’ एवढंच कळतं, साल कळत नाही.

त्यापेक्षा दोन चाचण्या मला जास्त भरवशाच्या वाटतात. पहिली, गोल टेबल. टेप घ्या आणि व्यास दोन दिशांनी मोजा, रेषांच्या दिशेने आणि आडवा. लाकूड वर्षानुवर्षं आडव्या दिशेने आकसतं, लांबीला जवळजवळ नाही. म्हणून जुनं अखंड लाकडाचं गोल टेबल थोडं लंबगोल झालेलं असतं. दोन्हीकडे अगदी सारखं माप आलं तर ते फारसं जुनं नाही.

दुसरी, किडीची भोकं. भुंगा लाकडातून बाहेर पडतो तेव्हा पृष्ठभागावर गोल टाचणीएवढं भोक पडतं. पण फळीवर भोकाऐवजी लांब उघडी नाळ दिसत असेल, तर कीड लागल्यानंतर ते लाकूड परत कापलं गेलंय. म्हणजे लाकूड जुनं, वस्तू नवी. वाड्याच्या तुळया आणि कडीपाट कापून बनवलेल्या टेबलांवर हे हमखास दिसतं.

ही ‘जुनं लाकूड, नवी वस्तू’ जात मला स्वतःला खूप आवडते. पन्नास-साठ वर्षं वाळलेलं सागवान वाकत नाही, फुगत नाही. पाटीवर ‘वाड्याच्या जुन्या सागवानातून यंदा बनवलेलं’ असं स्पष्ट लिहा. गिऱ्हाईक आनंदाने घेतं. खोटं बोलायची गरजच नसते, तरी लोक का बोलतात कोण जाणे.

चाकणची एक खास भानगड सांगतो. कंपन्यांमध्ये परदेशातून मशिन येतात त्या पाइनच्या पेट्यांमधून. ते लाकूड भंगारात निघतं, त्याची टेबलं, शेल्फ बनतात, आणि चांगली बनतात. पण काही जण त्यावर गडद रंग मारून, साखळीने ठोकून ‘युरोपियन विंटेज’ म्हणून विकतात. अशा फळीची मागची बाजू बघा. कुठेतरी गव्हाच्या लोंबीसारखं चित्र आणि शेजारी ‘एचटी’ असा शिक्का सापडेल. लाकूड तापवून कीडमुक्त केल्याची ती आंतरराष्ट्रीय खूण आहे, आणि तो नियम २००२ साली ठरला. शिक्का असलेली फळी त्याआधीची नाही. एवढं स्वस्त आणि पक्कं वयाचं प्रमाणपत्र दुसरीकडे मिळणार नाही.

पॉलिशबद्दल एकच. वस्तू आणली की लगेच पॉलिश पेपरने घासायला घेऊ नका. कुठल्यातरी लपलेल्या कोपऱ्यात कापसाने थोडं स्पिरिट लावा. चिकट झालं तर ते लाखेचं जुनं पॉलिश आहे, आणि ते स्वच्छ करून परत जिवंत करता येतं. त्यावर मेलामाइनचा जाड थर चढवला की कपाट नव्या कपाटासारखं दिसतं आणि किंमतही नव्या कपाटासारखीच येते.

खरेदी: घराच्या उंबरठ्यावर

वाड्यातली वस्तू घेताना सगळ्यात मोठा धोका वाळवीचा नसतो, भाऊबंदकीचा असतो. मोठे काका म्हणतात घेऊन जा, तुम्ही टेम्पो बोलावता, आणि दोन महिन्यांनी मुंबईचा पुतण्या फोन करतो की आजीचं कपाट कुणाला विचारून विकलं? वस्तू अविभक्त कुटुंबाची असेल तर एकट्याचा शब्द पुरत नाही. मी घरात शिरल्यावर पहिला प्रश्न विचारतो, ‘काका, वाटणी झालीय का?’ राग येतो कधीकधी. येऊ दे.

पावती साध्या कागदावर चालते, पण हवीच. वस्तूचं वर्णन, दोन फोटो, रक्कम, तारीख, देणाऱ्याची सही, ओळखपत्राची प्रत, आणि एक वाक्य की ही वस्तू आमच्या मालकीची आहे व इतर हिस्सेदारांची संमती आहे. शक्य असेल तर त्यांच्याही सह्या. पैसे रोख देऊ नका, खात्यावर पाठवा. चोरीचा माल ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या ३१७ कलमाखाली गुन्हा आहे, आणि ‘मला माहीत नव्हतं’ हे सांगताना हातात पावती असलेली बरी.

भाव ठरवताना समोर बहुधा वयस्कर माणूस असतो. घर सुटतंय, मन भरून आलेलं असतं, वस्तूची किंमत त्यांना माहीत नसते. ‘आजी, हे भंगार आहे, हजार रुपये देतो’ म्हणणारे पुष्कळ फिरतात. मी माझ्या मुलांना सांगतो, आजींना खरं काय आहे ते सांगा, लाकूड कुठलं, दुरुस्ती किती, मी साधारण किती विकेन. मग भाव बोला. माझ्या चांगल्या खरेद्यांपैकी निम्म्या शेजारच्या घरातून सांगून आल्यात, जाहिरातीतून नाही.

आता तो हिशोब

आकडे उदाहरणापुरते आहेत, तुमचे तुम्ही घाला. सागवानी कपाट, खरेदी १५,००० रुपये. तिसऱ्या मजल्यावरून उतरवणं आणि टेम्पो २,५००. कीडनाशक ८००. सुतार चार दिवस, १,२०० प्रमाणे ४,८००. पॉलिश मजुरीसकट ४,५००. बिजागऱ्या, कुलूप ९००. झाले २८,५००. गोडाऊनचं भाडं महिना १२,०००, त्यात वीस वस्तू मावतात, म्हणजे एका वस्तूला महिना ६००. कपाट सात महिन्यांनी विकलं, ४,२००. गिऱ्हाइकाच्या घरी पोचवणं १,८००. एकूण ३४,५००. विक्री ४२,०००.

नवीन माणूस म्हणतो, पंधराला घेतलं बेचाळीसला विकलं, सत्तावीस हजार सुटले! खरे सुटले ७,५००.

थांबा, जीएसटी राहिला. राज्यातल्या राज्यात माल विकत असाल आणि वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे नोंदणी लागत नाही. नोंदणी असेल तर जुन्या मालासाठी एक चांगली सोय आहे, केंद्रीय जीएसटी नियम ३२ मधला पोटनियम ५. खरेदीवर इनपुट क्रेडिट घेतलं नसेल आणि वस्तू जशीच्या तशी किंवा तिचं स्वरूप न बदलता किरकोळ दुरुस्ती करून विकली, तर कर अख्ख्या किमतीवर नाही, खरेदी आणि विक्रीच्या फरकावर लागतो. छान वाटतं ना? पण फरक म्हणजे ४२,००० वजा १५,०००. सुताराचे, पॉलिशचे, टेम्पोचे पैसे यात वजा होत नाहीत. २७,००० मध्येच १८ टक्के कर धरला आहे असं मानलं तर कर निघतो साधारण ४,११९. हातात उरले ३,३८१ रुपये. सात महिन्यांचे.

आणि जुन्या दरवाजाचं डायनिंग टेबल केलंत तर वस्तूचं स्वरूपच बदललं, तिथे ही सोय मिळणार नाही. दर आणि नियम बदलत असतात, म्हणून तुमच्या सीएला एकदा हाच हिशोब दाखवा.

बीबीएला आम्हाला इन्व्हेंटरी टर्नओव्हर शिकवला तेव्हा तो परीक्षेपुरता वाटला होता. या धंद्यात तो रोज छातीवर बसतो. वरचं कपाट सातऐवजी दोन महिन्यांत गेलं असतं तर एकट्या भाड्यात ३,००० वाचले असते, नफा जवळजवळ दुप्पट. म्हणून मी सुरुवातीला लहान वस्तू सांगतो: चौरंग, घडवंची, आरसे, आरामखुर्च्या, इराणी हॉटेलातल्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या. दुचाकीवर नाही तरी रिक्षा-टेम्पोत बसतात, लिफ्टमध्ये जातात, आणि गिऱ्हाईक बायकोला किंवा नवऱ्याला न विचारता घेऊ शकतं.

परदेशी गिऱ्हाईक आलं तर

चाकण-तळेगावला जर्मन, कोरियन, जपानी अधिकारी दोन-तीन वर्षांसाठी येतात. घासाघीस कमी करतात, जुन्या लाकडाची कदर असते. पण परत जाताना ते तुमचं कपाट घरसामानाच्या कंटेनरमध्ये भरणार, हे विसरू नका. पुरावशेष देशाबाहेर नेणं सामान्य माणसाला बंद आहे, आणि वस्तू जुनाट दिसली की कस्टम्स अडवतं. त्यासाठी पुरातत्त्व विभागाकडून ‘ही वस्तू पुरावशेष नाही’ असं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. विकतानाच हे सांगा आणि बिलावर वस्तूचा अंदाजे काळ लिहा. तुम्ही कौतुकाने ‘१५० वर्षं जुनं’ लिहिलेलं बिल त्यांच्या हातात असलं, तर ते प्रमाणपत्र कोण देणार?

या आठवड्याचं काम

घरातली किंवा नातेवाइकांकडची एक जुनी लाकडी वस्तू निवडा. तिच्यासाठी चार ओळींची पाटी लिहा. पहिली ओळ लाकूड आणि वस्तू. दुसरी अंदाजे काळ, आणि तो कशावरून ठरवला. तिसरी काय बदललंय, काय दुरुस्त केलंय. चौथी कुठून आली. नमुना देतो: ‘सागवानी कपाट. अंदाजे १९५० चं दशक, सांधे हाताचे, कुलूप मूळ. मागची फळी आणि एक बिजागरी नवी, लाखेचं पॉलिश परत केलेलं. तळेगाव दाभाडे येथील राहत्या घरातून, खरेदीची पावती उपलब्ध.’

यात ‘अँटिक’ नाही, ‘रेअर’ नाही, ‘राजेशाही’ नाही. तुमची पाटी लिहून झाली की घरातल्या कुणाला तरी वाचायला द्या आणि प्रत्येक ओळीला ‘कशावरून?’ असं विचारायला सांगा. ज्या ओळीला उत्तर देता येणार नाही ती खोडा. पुढच्या व्हिडिओत आपण याच पाटीवरून किंमत कशी काढायची ते घेऊ, तेव्हा ती वही जवळ ठेवा.